पालथा कप

टेंभुर्णी, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सगळ्यात आधी उतरली ती चांगुणाबाई. पोरगा न्हाई, पोराचा बाप न्हाई, पोराची आत्या. जीप थांबली न थांबली तोच हिचा पाय खाली, आणि पदर सावरायच्या आधी नजर घरावर. ओटा पाह्यला, म्हैस पाह्यली, सूनबाईची, वंदनाची रांगोळी पाह्यली, आणि मंग मला म्हणली, "तुम्हीच का थोरल्या जाऊबाई? नंदाबाईनं सांगितलं होतं." म्हणजे बघ, माझ्याच दारात उभं राहून पहिलं नाव घेतलं ते तुझं.

तर नंदाबाई, तुला थोरल्या जावेचा आशीर्वाद. वर लिहायचा राह्यला तो इथं घे. भावजींना पण सांग. तू म्हणशील आपला तर अबोला हाय, मंग हे काय. तर मी बोलणार न्हाई असं म्हणल्ते, लिहिणार न्हाई असं कधी म्हणल्ते? फोनवर तुझा आवाज मला ऐकायचा न्हाई. कागदाला आवाज नसतो. चौथीपर्यंतच्या शाळेचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आपल्या आळीतला कडूबा आज मिलच्या कामाला जालन्याला निघाला, शनिवारीच परत येणार, त्याच्याजवळ देते. त्याला सांगितलं, वाटंत वाचू नको. तो म्हणला, काकू, तुमचं अक्षर मला लागतच न्हाई.

तू आली न्हाईस. स्थळ तू आणलं, आणि पोरगी दाखवायच्या दिवशी तुझा पाय दुखला. दुखू दे. मी एकटीनं बराबर निभावलं.

पोरगं चांगलं हाय बिलकुल. आधी हेच लिहायला पाहिजे होतं. सुमित नाव पण बोलायला सोपं. उंच हाय, कान जरा बाहेर आलेले, ते बापाकडून आले, सर्जेरावचे पण तसेच. पण बसला कसा, तर सरळ. पोहे खाताना शेंगदाणे बाजूला काढत बसला न्हाई. वंदनानं विचारलं काम काय, तर म्हणला, अक्षता ज्या कंपनीत बियाणं तपासते तिथंच हाय, मी गावोगाव शेडनेटवर फिरतो. अक्षतानं मान खाली घातली आणि नखानं चटई कोरली. दोघं एकमेकाला ओळखत न्हाईत असं दाखवून राह्यले होते. मला हसू आलं. मी म्हातारी असंल, आंधळी न्हाई. मला तेव्हाच वाटलं, झालं, पोरगी उजवली आपली.

आपली म्हटलं मी. माझी म्हणायला पाहिजे होतं. दोन वर्षं झाली तुझ्याकडं राह्यली म्हणून काय झालं. शिकायला तुझ्या घरी गेली, नोकरीला तिथूनच लागली, आता फोन आला की लहानी आजी असं करते, लहानी आजी तसं करते. मी पण करते काही काही. पण ते तिला जालन्यातून दिसत न्हाई.

आणखी एक सांगायचं होतं. मी चहा सोडला.

छातीत धडधड व्हायची म्हणून माझा लेक रामकिसन मला जाफराबादच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेल्ता. ती म्हणली, आजी, दिवसाला चहा किती होतो? मी म्हटलं, ते कोण ध्यानात ठेवतं, जेवढे लोक येतात तेवढ्या वेळा होतो. तिनं सांगितलं कमी करा, पण एकदम सोडू नका, रोज थोडा थोडा उतरवा. मी तसंच करणार होते. घरी येऊन कप हातात घेतला, म्हटलं आज अर्धाच पिऊ. तेवढ्यात अक्षताचा फोन. वंदनानं आवाज मोठा ठेवलेला, आणि अक्षता कौतुकानं सांगून राह्यली की लहान्या आजीनं चहा सोडला. मी त्याच घडीला उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप बशीत पालथा घातला. धाकटी सोडू शकते तर थोरलीला काय धाड भरली?

मला काही त्रास न्हाई. डोकं जरासं दुखतं. परवा शेळीच्या अंगावर धावून गेले, तिनं काहीच केलं नव्हतं. वंदनाला माझ्या पुढं कप दिसला की ओतायची सवय, म्हणून आता दिसंल तो कप मी पालथा घालते. झालं, एवढंच.

पाहुण्यांचं सांगत होते. पोहे झाले, पोरीला दोन प्रश्न विचारले, चहा आला. मी काही घेतला न्हाई. मंग ते जल्दी उठले. सर्जेराव म्हणले उसाला पाणी सोडायचंय, लाईट संध्याकाळचीच असते. कळवतो म्हणले. चांगुणाबाई जाताना काही बोलली न्हाई, जीपमधी बसली ती पण सगळ्यात आधी.

कळवतीलच. पोरगं अक्षताकडं बघत बघत गेलं.

थोरली सगुणाबाई


टेंभुर्णी, सोमवार, २४ नोव्हेंबर

नंदाबाई,

तीर्थपुरीहून पाहुण्यांनी काही कळवलं न्हाई. तुला कळवलं असंल तर मला म्हाईत न्हाई, आणि तुला कळवलं असंल तर ते बराबर न्हाई. पोरगी माझ्या घरातली हाय.

इथं काय चाललं ते ऐक. गिरणीत दळायला गेले तर बाया एकदम गप. मी पाठ फिरवली की परत सुरू. शेवटी शालूनं सांगितलं, त्या समोरच्या शालूनं, जिच्या पोटात भाजीसुद्धा टिकत न्हाई. म्हणली, काकू, तुम्ही पाहुण्यांपुढं कप पालथा घातला असं गाव म्हणतंय.

मी घरी आले आणि खाटंवर बसले. घातलाच होता, नंदाबाई. हातानं घातला आणि डोक्याला कळलं न्हाई.

आता तू म्हणशील, थोरलीला रीत शिकवावी का. मला म्हाईत न्हाई असं हाय का काही? पोरगी बघायच्या चहाला घरातल्या थोरल्या बाईनं आधी कप तोंडाला लावायचा, तोवर पाहुण्यांनी थांबायचं. तिनं कप पालथा घातला की समजायचं, पोरगी द्यायची न्हाई. कुणाला तोंडावर न्हाई म्हणायची पाळी येऊ नये म्हणून जुन्या माणसांनी काढलेली सोय ती. माझ्या लेकीच्या वेळी तो बेवडा बघायला आल्ता, तेव्हा मीच घातला होता पालथा. तू शेजारी बसल्ती. तुला आठवत असंल.

पण हे घरात रोज रोज पालथा घालून हाताला वळण लागलेलं. त्यात डोकं. आधीच्या पत्रात मी जरासं लिहिलं, ते जरासं न्हाई. डोळ्याच्या मागं कुणीतरी जातं मांडलंय आणि ज्वारी संपतच न्हाई. उजेड सोसत न्हाई. जांभया अशा येतात की जबडा निखळून हातात येईल. जेवण बघितलं की मळमळतं. आणि बोलणं असं तोंडातून निघतं की निघाल्यावर माझं मलाच वाटतं ही कोण बाई. वंदना बिचारी नुसती भांडी जोरात ठेवते. डोक्याला पदर आवळून बसले तर पोस्टमन विचारून गेला, घरात कुणी गेलं का? चूल थंडी आणि म्हातारीचं डोकं बांधलेलं, त्याला दुसरं काय वाटंल.

गवती चहा नुसता उकळून पाह्यला. पावसात भिजलेल्या गंजीचं पाणी. बडीशेप चावली, गूळ चावला. ह्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यासमोर पिऊ नका. तर हे आता हॉटेलात जाऊन पिऊन येतात आणि मिशीला वास घेऊन माझ्या शेजारी बसतात. पन्नास वर्षांच्या संसारात मला ह्यांच्या मिशीचा कधी हेवा वाटला नव्हता, तो आता वाटला.

आणि तुझ्या म्हणे डोक्याला काहीच झालं न्हाई. अक्षता तर असं सांगत होती, लहानी आजी काय बाई म्हणून. तुला सगळंच सोपं जातं. सून चांगली मिळाली, तुझ्या लेकाला, त्या कल्याणला, नोकरी चांगली मिळाली, घरात नळ आला, नात माझी मिळाली, आता चहा पण सुटला.

पण गावाचं पूर्ण सांगितलं न्हाई. गाव नुसतं कप पालथा घातला म्हणत न्हाई. गाव म्हणतं, धाकटीनं आणलेलं स्थळ थोरलीला सोसलं न्हाई. चहाचं निमित्त, आत जळतं ते वेगळंच. मी का जळू? तू दोन वर्षं झाली जालन्याला गेलीस, तरी माझ्या ओट्यावर बसून लोक म्हणतात नंदाबाई होती तेव्हा चहाला आल्याचा वास कोपऱ्यापर्यंत यायचा. म्हणू दे. मी पण आलं घालते. मी काही जळत न्हाई.

शनिवारी कडूबानं तुझी पुडी आणून दिली. पत्राला उत्तर येईल म्हणून मी घाईघाईनं सोडली. आत कागद न्हाई, काही न्हाई, भातुकलीतल्यासारखा एवढासा कप. नंदाबाई, मी चिडावं म्हणून पाठवलास ना? थोरलीची हीच लायकी, हे सांगायला? मी तो फोडायला हातात घेतला होता. पण निळं फूल हाय त्याच्यावर, बारीक. फळीवर ठेवलाय. उलटा न्हाई, सुलटा.

सगुणाबाई


टेंभुर्णी, सोमवार, १ डिसेंबर

नंदाबाई,

काल अक्षता येऊन गेली. तुला तर म्हाईतच असंल, तुझ्याच घरून निघाली. दिवस मावळायच्या आत परत गेली. आधी दोन दिवस राहायची. मी म्हटलं राह्य, तर म्हणली, उद्या कामावर जायचंय.

आली तेव्हा माझ्या पाया पडली, पण गळ्यात पडली न्हाई. ह्यांच्याशी बोलली, आईशी बोलली, म्हशीशी बोलली. माझ्याशी हो आणि न्हाई. मंग आपणच उठून चहा ठेवला. आलं ठेचलं, साखर टाकली, आणि मी तिकडं तोंड करून बसले कारण तो वास, नंदाबाई, तो तुझ्या चहाचा वास होता. माझ्या चुलीवर तुझा वास. मला डोकं दुखायच्या आधी राग आला.

सगळ्यांना देऊन झाल्यावर ती फळीकडं गेली. तुझा तो बारका कप काढला, विसळला, त्यात भरला आणि माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, मी सोडलाय. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आज्जी, तुला सुमित आवडला न्हाई का?"

मी म्हटलं आवडला.

"मंग लहानी आजी आवडत न्हाई, म्हणून मी पण न्हाई?"

तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण पडू देत नव्हती. लहानपणी पण अशीच, गुडघा फुटला तरी आधी माझ्याकडं बघायची, मी हसले तर हसायची, मी घाबरले तर रडायची. काल पण माझ्याकडंच बघत होती. मला हसता पण येईना आणि घाबरता पण येईना.

मंग तिनं सांगितलं. तीर्थपुरीचे लोक चिडलेत. सुमित म्हणतो मी थांबतो, पण त्याच्या आत्यापुढं त्याचं चालत न्हाई, आईवेगळ्या पोराला तिनं वाढवलं. पौष लागायच्या आत दुसरी पोरगी बघायची ठरलीय, अंबडकडची. आत्याचं म्हणणं एकच, ज्या घरात थोरलीनं कप पालथा घातला त्या घरचा उंबरा मी परत चढणार न्हाई.

मी तो बारका कप उचलला आणि प्यायले. दोन घोट होते. काय सांगू तुला. आधी जिभेला कळलं, मंग घशाला, आणि थोड्या वेळानं डोळ्याच्या मागचं जातं थांबलं. एकदम न्हाई. कुणीतरी खुंट्यावरचा हात काढून घ्यावा तसं, फिरत फिरत थांबलं. किती दिवसांनी मला माझं अंगण नीट दिसलं.

अक्षता बघत होती. म्हणली, हा कप लहान्या आजीनं तुला चिडवायला पाठवला न्हाई. तिनं चहा याच कपानं सोडला. आणि मंग एक एक निघालं. आधी म्हणे तू मोठा कप अर्धाच भरायचीस. मंग बाजारातून हा आणला. मंग याच्यात पण दूध जास्त आणि चहा कमी. उन्हाळ्यात सुरू केलं आणि दिवाळी उलटली तेव्हा कुठं सुटला. मधी एकदा तू सुनेवर ताट आपटलंस. आणि मधी एकदा दळण आणायला जाते म्हणून गेलीस आणि शेजारणीकडं उभ्या उभ्या पिऊन आलीस, आणि कल्याणनं ओठ बघून ओळखलं.

नंदाबाई, इतकं बरं मला त्या दोन घोटांनी पण वाटलं नव्हतं. मी अक्षताला म्हटलं, परत सांग ते ताटाचं. तिनं परत सांगितलं. मी हसले, मंग ती पण हसली, आणि मंग पडलं तिच्या डोळ्यातलं. मला म्हणली, लहान्या आजीला सांगितलं की तू सगळा एकदम सोडला, तर ती घाबरली. म्हणली, तुझी आज्जी माझ्यावर वरताण करायला जीव देईल, जा हा कप कडूबाजवळ दे, तो तिला पोचवंल. मी स्वतः दिला तर घेणार न्हाई.

कडूबाजवळ दिलास तरी कुठं घेत होते.

आता एक लिहिते, ते वाचून कागद चुलीत घाल. भावजींना दाखवू नको. त्या दिवशी चहा समोर आला, सगळे माझ्या हाताकडं बघत थांबले होते. चांगुणाबाई पण थांबली होती. आणि थांबल्या थांबल्या म्हणली, जालन्याला नंदाबाईच्या हातचा चहा घेतला, तसा अजून कुठं मिळाला न्हाई. बघू आता इथला कसा हाय. तेव्हा माझा हात कपावर गेला. डोकं दुखत होतं ते खरं. हाताला वळण होतं ते पण खरं. पण तिनं तुझं नाव घेतलं नसतं तर हात गेला असता का, हे मी हातालाच विचारून राह्यले, तो काही सांगत न्हाई.

अक्षताला हे सांगितलं न्हाई. तुला का सांगितलं ते म्हाईत न्हाई. तू एवढ्या वर्षांत माझ्या बाजूला बसून माझे सगळे कप बघितलेस म्हणून असंल.

रविवारी मी तीर्थपुरीला जाणार. ह्यांना सांगितलं तर म्हणले, पोरीकडच्यांनी असं उठून जायचं नसतं, लोक हसतील. मी म्हटलं हसून झाल्यावर गप बसतील.

सगुणा


टेंभुर्णी, सोमवार, ८ डिसेंबर

नंदा,

जाऊन आले. कडूबा गाडीला किक मारून राह्यलाय, दारात उभा हाय, त्याला म्हटलं थांब, हे मधीच सोडता येत न्हाई.

रामकिसन होता सोबत. जालन्यात बस बदलली. तुझं घर स्टॅंडपासून कुठं हाय हे मला म्हाईत हाय, मी तिकडं बघितलं पण. पण आधी हे काम होतं. डब्यात लाडू, आणि पिशवीत, साडीच्या घडीत, तुझा तो कप.

सर्जेरावांचं घर चांगलं हाय, पुढं ऊस, मागं ऊस, मधी घर. आम्हाला बसवलं. पाणी दिलं. सगळे गोड बोलले, म्हणजे कुणीच काही बोललं न्हाई. सुमित दारात उभा होता, आत येऊ का नको असा. मंग चहाचा ट्रे आला. चांगुणाबाईनं स्वतः आणला. सगळ्यांचे कप भरलेले. माझ्या पुढं ठेवला तो कप रिकामा, आणि बशीत पालथा.

रामकिसन लाल झाला. सर्जेराव खोकले. चांगुणाबाई समोर बसली, हात गुडघ्यावर, आणि माझ्याकडं बघत राह्यली. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, हे मला तेव्हा कळलं, आणि ती बाई मला एकदम आवडली.

मी कप उचलला, सुलटा केला, आणि तिच्यापुढं धरला.

"चांगुणाबाई, कप मी पालथा घातला, पोरीनं न्हाई. चहा एकदम सोडला होता, डोकं फुटत होतं. त्यात तुम्ही माझ्या जावेच्या चहाची तारीफ केली. दोन्ही एका वेळी मला सोसलं न्हाई."

बस. हे मी चारचौघांत, पुरुष माणसांत, माझ्या पोरासमोर बोलले. अक्षताला जे सांगितलं न्हाई ते. रामकिसन माझ्याकडं असा बघत होता की आई कुठंतरी बदलून आली.

चांगुणाबाईनं माझ्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला. मंग म्हणली, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला सकाळपासून चहा दिला नव्हता, तर मी डॉक्टरच्या अंगावर धावून गेल्ते, नर्सनं धरलं. तिकडून सर्जेराव हळूच म्हणले की नर्सला पण चावलीस. मंग तिनं त्यांच्याकडं एक नजर टाकली आणि मला म्हणली,

"आणि जावेचं म्हणाल तर, ह्या घरात माझी भावजय होती तोवर सगळे तिच्याच भाकरीला गोल म्हणायचे. अजून म्हणतात, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी. म्हणून मी काय तवा पालथा घालते का?"

मला हसू आलं. तिला पण आलं, पण तिनं ते पदरात घातलं.

तिनं किटली उचलली तशी मी पिशवीतून तुझा कप काढला. म्हटलं, मला ह्याच्यातच द्या, मोठा आता चालत न्हाई. तिनं कप हातात घेऊन फिरवून बघितला, फूल बघितलं, विचारलं कुठं मिळाला. मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, जावेनं पाठवला. मंग तिनं त्याच्यात ओतला, आणि मी सगळ्यांच्या आधी तोंडाला लावला. तेव्हा बाकीच्यांनी कप उचलले. सुमित तर उभ्या उभ्याच प्यायला, पोळलं त्याला.

तिचा चहा कसा होता विचारशील. गोड जास्त, आलं न्हाई. तुझ्यासारखा न्हाई. माझ्यासारखा पण न्हाई.

निघताना मी म्हटलं, आता तुमचा पाय आमच्या उंबऱ्याला लागू द्या. पौष लागायच्या आत सुपारी फोडू. ती म्हणली येतो. मंग पायरीवर थांबली आणि म्हणली, येतो, पण एक अट हाय, चहा नंदाबाईच्या हातचा पाहिजे.

नंदा, समोर कप असता तर काय केलं असतं मी सांगू शकत न्हाई. ट्रे आत नेला होता म्हणून बरं. मी दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि म्हटलं, बराबर हाय, तिच्याच हातचा करू.

बसमधी पूर्ण रस्ताभर मनात येऊन राह्यलं, पोरगी माझी, घर माझं, चूल माझी, आणि पाहुणे तुझ्या चहाला येणार. रामकिसनला म्हटलं, मी काय वाईट करते का चहा? तो म्हणला, आई, झोप आता.

घरी अक्षताचा फोन आल्ता, तिला सुमितनं आधीच सांगितलं होतं. नुसतं आज्जी, आज्जी म्हणत राह्यली. लहानी आजी न्हाई म्हणली एकदा पण. मी वंदनाला सांगितलं, आवाज अजून मोठा कर.

आता माझं दिवसाला ह्या कपाचं सकाळी एकदा, दुपारी एकदा असं चाललंय. डॉक्टरणीला सांगितलं तर म्हणली, हेच तर सांगितलं होतं आजी. डोकं दुखतं कधी कधी, पण जातं हाकलल्यावर. ह्यांना घरात पिऊ देते. वास येतो तर येऊ दे, मिशी माझ्याच घरातली हाय.

तुझ्या पायाचं दुखणं मला म्हाईत हाय कसलं हाय ते. ते बसमधी बसल्यावर थांबेल. आलं इथं चांगलं मिळतं, आणू नको. साखर मी सांगेन तेवढीच घालायची, चांगुणाबाई जास्त गोड पिते, तिचं ऐकायचं न्हाई. चहा तू कर. कप आधी मी उचलणार, ते मी कुणाला देणार न्हाई. आणि दाराशी आल्यावर आधी तू बोल, मंग मी बोलेन, कारण अबोला मी धरला होता, तो मलाच सोडता येत न्हाई एकदम.

कडूबा हॉर्न वाजवून राह्यला. बुधवारीच ये, दूध आदल्या दिवशी सांगावं लागतं. पाहुणे गुरुवारी, अकरा तारखेला, दुपारच्या आत येतो म्हणलेत.